बाटलीवरची तारीख

लेकीनं विचारलं ते एवढंच, की शब्द कुठून आला. आणि तेही तोंडात टूथब्रश धरून. अकरावीच्या वर्गात रसायनशास्त्राच्या सरांनी फर्मान काढलं होतं, प्रत्येकानं एकेक शब्द घ्या आणि त्याचं कूळमूळ शोधून दहा ओळी लिहून आणा. हिच्या वाट्याला आलं टायट्रेशन, पुस्तकात ज्याला अनुमापन म्हणतात ते. आता घरात आई केमिस्ट, तीही पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं मुरलेली, दिवसाला पाच-सहा टायट्रेशनं केल्याशिवाय जिला घास गोड लागत नाही अशी. पण बाईंना काही सांगता येईना. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? असेल कुठून तरी, मापायचं म्हणून अनुमापन, असं काहीतरी डबा भरता भरता त्या पुटपुटल्या. लेकीनं तोंड धुतलं, मोबाइल उघडला आणि उभ्या उभ्या वाचून दाखवलं. कुठल्याशा दूरच्या भाषेत, सोन्याचांदीच्या नाण्यात अस्सल धातू किती, याला एक शब्द होता. टांकसाळीतला माणूस तो आकडा काढायचा. पुढे रसायनवाल्यांनी तोच शब्द उचलला आणि द्रावणाला लावला, की बाटलीत म्हणायला किती आहे ते राहू द्या, खरं किती आहे ते सांगा. "म्हणजे आपलं कस लावणंच की गं," लेक म्हणाली. दहातल्या चार ओळी झाल्या म्हणून ती खुशीत होती. मग बूट घालता घालता तिनं सहज आणखी एक विचारलं, की ज्या द्रावणानं दुसऱ्याचा कस लावायचा, त्याचा स्वतःचा कस कोण लावतं?

"त्याचाही लावतात," बाई म्हणाल्या. "दर सोमवारी."

लेक गेली, दार लागलं, आणि बाई ओट्यापाशी डब्याचं झाकण हातात धरून उभ्या राहिल्या. खोटं काय बोलल्या होत्या त्या? नियम तसाच आहे. छापील आहे, प्रयोगशाळेच्या भिंतीवर चिकटवलेला आहे, आणि त्यांनीच चिकटवलेला आहे. पण ते दोन शब्द तोंडातून इतके सुरळीत निघाले, ना जीभ अडखळली ना नजर हलली, की बाईंना स्वतःचा आवाज परक्यासारखा ऐकू आला. आठ महिन्यांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. साथ आली, माणसं गेली, वर्तमानपत्रात फोटो आले, साहेबांनी दहा वेळा रजिस्टर मागवलं, पण हा प्रश्न एकाही शहाण्याला सुचला नाही. विचारलं कुणी, तर सोळा वर्षांच्या पोरीनं, बुटाची नाडी बांधताना. आणि आज बारा वाजता कामावरच्या मामांची चौकशी होती, आणि बाई त्या चौकशीतल्या साक्षीदार होत्या.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. बाहेर रोजचीच दुकानं उघडत होती, फुटपाथवर पाणी मारलं जात होतं, आणि बाई त्या पाण्याकडे बघत होत्या. शहराला पाणी शुद्ध करून द्यायचं तर टाकीत ब्लीचिंग पावडर पडते. पावडरीत क्लोरीन किती, हे बाई ठरवतात. जास्त असेल तर पोती कमी लागतात, कमी असेल तर पोती जास्त. हे ठरवायला त्यांच्याकडे तपकिरी बाटलीत एक द्रावण असतं, प्रयोगशाळेत सगळे त्याला हायपो म्हणतात. पावडरीचा नमुना घ्यायचा, त्यात काय काय घालून तो तपकिरी करायचा, आणि वरून नळीतून थेंब थेंब हायपो सोडायचा, रंग जाईपर्यंत. जितका हायपो लागला तितका क्लोरीन. आता हायपो ही मोठी नाजूक जात. नुसती ठेवली तरी उतरते. म्हणून दर सोमवारी तिचीही परीक्षा घ्यायची, नारिंगी डायक्रोमेट काट्यावर तोलून, त्याच्याशी ताडून. ते केलं नाही, तर हायपो आपला मुकाट्यानं उतरत जातो, आणि उतरलेला हायपो जास्त लागतो, आणि जास्त लागला की वहीत क्लोरीन जास्त दिसतो. आखूड झालेल्या गजानं कापड मोजलं की जास्त भरतं, तसंच. हे बाईंना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. नव्या पोरांना त्यांनीच शिकवलं होतं, बजावून बजावून, की हायपोवर विश्वास ठेवायचा नाही, तो गोड बोलून गळा कापतो.

गेल्या हिवाळ्यात बाईंची आई पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. पुढच्या खोलीत पलंग लागला. बाईंचा नवरा जाऊन तेव्हा नऊ वर्षं झालेली, लेक शाळेत, आणि दुपारी येणारी मावशी दोनच्या ठोक्याला चपला घालायची. बाई धावतपळत घरी यायच्या, आईची कूस बदलायच्या, पाठीला पावडर लावायच्या, तिला पाणी पाजायच्या. आई म्हणायची, तू नोकरी सोडून माझ्यापाशी बसू नकोस हो, आणि हात मात्र सोडायची नाही. तो वाळलेला, हलका हात मनगटाला विळखा घालून असायचा, आणि घड्याळाचा काटा पुढे जायचा. अशातच एका सोमवारी डायक्रोमेट तोलायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, बाईंनी ठरवलं की उद्या करू. बाटलीवरच्या लेबलावर तारीख मात्र बदलली, कारण तपासणीला कोणी आलं तर पहिली तारीख बघतात. दुसऱ्या दिवशी आईला ताप होता. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. लेबल सोलायचं, नवं चिकटवायचं, हायपोची ताकद शून्य दशांश एक असं सुबक अक्षरात लिहायचं, खाली तारीख. पाच मिनिटांचं काम. खरं केलं तर दीड तास. आणि गंमत म्हणजे काही बिघडत नव्हतं. पावडरीचे आकडे येत होते तेच, तेहतीस टक्के, साडेबत्तीस, तेहतीस. आई फेब्रुवारीत गेली. त्यानंतर घरी धावत जायचं काही कारण उरलं नव्हतं, दुपार रिकामीच होती, पण सवय राहिली. हे बाईंना स्वतःशीसुद्धा धडपणे बोलता आलेलं नव्हतं. आईचं निमित्त होतं तोवर निदान निमित्त तरी होतं.

उन्हाळ्यात एकदा त्यांना वाटलंही होतं, की यंदा पावडर फारच चांगली आली. दरवर्षी कडक उन्हात गोदामातली पावडर उतरते, तेहतीसची सव्वीस होते, चोवीस होते, बाई बोंब मारतात, साहेब वर पत्रं लिहितात. यंदा आकडा जागचा हलला नव्हता. त्यांना आनंद झाला होता, आता काय सांगायचं! चहा पिताना त्यांनी साहेबांना ते कौतुकानं सांगितलंही. पावडर आणि हायपो दोघंही हातात हात घालून उतरत असतील, आणि म्हणूनच आकडा तसाच दिसत असेल, हा विचार तेव्हा मनात आला नव्हता. की आला होता? येऊन गेला असेल, कडेकडेनं. बाईंना माहीत नव्हतं असं नाही, त्यांनी माहीत करून घेतलं नव्हतं.

मग काविळीची साथ. शहराच्या टोकाला, जिथं पाणी सगळ्यात शेवटी पोहोचतं, त्या वस्तीत घराघरात पिवळे डोळे. नळावर जाऊन पाणी तपासणारा माणूस दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता आणि त्याची जागा भरलेली नव्हती, त्यामुळे तिथल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. सात माणसं गेली. त्यात मामांची सून, सातवा महिना. बाळासकट. मामा म्हणजे टाकीत पावडर टाकणारा माणूस, साठीला टेकलेला, सगळ्यांचाच मामा. रोज सकाळी बाईंनी फळ्यावर लिहायचं, पोती अकरा, आणि मामांनी अकरा पोती पाठीवर वाहून कालवायच्या हौदात टाकायची, नाकाला फडकं बांधून. चौकशीवाल्यांनी साधा हिशोब मांडला. बाईंच्या वहीप्रमाणे पावडर उत्तम होती. फळ्यावर अकरा होते. तरी पाण्यात क्लोरीन कमी पडला. म्हणजे अकरा पोती पडलीच नाहीत, मामांनी मधल्या मध्ये विकली. रिकामी पोती मोजली तर हिशोबाला कमी भरली, पण ती नेहमीच कमी भरत. लोक छपराला नेत, पायपुसण्याला नेत, खुद्द साहेबांच्या गाडीत दोन होती. बाईंच्या वहीवर मात्र कुणी शंका घेतली नाही. त्यांचं नावच तसं होतं. कचेरीत काही अडलं की म्हणत, बाईंच्या वहीत बघा, तिथं खोटं सापडायचं नाही. बाई मान खाली घालून ऐकायच्या. साथ लागल्यावर हौदातली पोती दुप्पट झाली, नवा लॉट आला, जुन्या पावडरीचा चिमूटभरही नमुना उरला नाही. उरली ती एकटी तपकिरी बाटली.

साडेनऊला बाई पोहोचल्या तेव्हा मामा प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर बसलेले होते. चौकशी बाराला, पण निलंबित माणसाला वेळ कुठं घालवायचा असतो? इस्त्रीचा शर्ट घातला होता, कॉलरचं बटण लावलं होतं. चाळीस दिवसांत माणूस अर्धा झाला होता. बाईंनी त्यांना आत बोलावलं, चहा दिला. मामांनी कप दोन्ही हातांनी धरला. त्या हातांची कातडी पावडरीनं पांढरट, सोलल्यासारखी झालेली, नखं खडूसारखी. हिवाळ्यात याच हातांनी त्यांनी बाईंच्या टेबलावर नमुन्याच्या बाटल्या आणून ठेवल्या होत्या, स्वतःचं काम नसताना. बाई, तुम्ही जा आईपाशी, मी आहे इथं, कुणी विचारलं तर सांगतो गोदामात गेल्यात, असं दर दोन दिवसांनी म्हणायचे. आई गेली तेव्हा चार माणसांत तेही खांद्याला होते. आता ते घराबद्दल बोलले. आपणहून नाही, बाईंनी विचारलं म्हणून. मुलगा बोलत नाही. एका खोलीत राहतात दोघं, तो वेल्डिंगच्या कामावरून येतो, स्वतःचं ताट घेतो, भिंतीकडे तोंड करून जेवतो. मामांनी भरून ठेवलेलं पाणी ओतून देतो आणि पुन्हा भरून घेतो. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं मामा म्हणाले, अगदी हवापाण्याचं बोलावं तसं.

मग कप खाली ठेवून ते जरा पुढे सरकले.

"बाई, एक विचारू? रागावू नका. मी अकराच टाकायचो. एक, दोन, असं मोठ्यानं मोजून. पण साला माणूसच आहे. वाकलं की कमरेत कळ यायची, मध्येच बसायचो, बिडी ओढायचो. उठल्यावर सहावं की सातवं, असं झालं असेल ना? रोज झालं असेल. रात्रभर तेच मोजतो. कधी दहा येतात, कधी नऊ." ते थांबले. "तुमची वही तर चुकत नाही कधी?"

उत्तराला किती वेळ लागतो? एक श्वास. तेवढ्यात त्यांना लेकीचं कॉलेज दिसलं, निवृत्तीला राहिलेली चार वर्षं दिसली, वर्तमानपत्रात आपला फोटो दिसला. आणि खरं सांगायचं तर अजून काही सिद्ध झालेलंच नव्हतं, हायपो उतरला असेल, नसेलही, कोण जाणे. "नाही मामा," त्या म्हणाल्या. "वही नाही चुकत." मामांनी मान डोलावली. त्यांचा चेहरा पडला असंही नाही, उलट एक प्रकारे मोकळा झाला, कित्येक दिवस अडून बसलेला हिशोब सुटल्यावर होतो तसा. बरं झालं विचारलं, म्हणाले, आणि कप स्वतः विसळून ठेवून बाहेर गेले.

दार लागल्यावर बाईंनी डायक्रोमेटची बरणी काढली. हात आपोआपच चालत होते, सत्तावीस वर्षांचे हात ते. काट्यावर नारिंगी खडे तोलले, पाण्यात विरघळवले, चंबूत पंचवीस मिलिलिटर घेतले, आयोडाइड घातलं, आम्ल घातलं. द्रावण गडद तपकिरी झालं. पाच मिनिटं कपाटात, अंधारात ठेवायचं. ती पाच मिनिटं बाई स्टुलावर बसून राहिल्या आणि त्यांना काय आठवावं, तर आई आजारपणात पाण्याचा पेला तोंडाला लावायच्या आधी विचारायची, तुझ्या हातचं आहे ना? मग चालेल. बाईंनी उठून ब्युरेटची नळी भरली. बाटलीतला हायपो स्वच्छ, नितळ, पाण्यासारखा दिसत होता. लेबलावर परवाच्या सोमवारची तारीख होती.

हायपो खरा असेल तर पंचविसाला रंग जायला हवा. बाईंनी तोटी सोडली. दहा, पंधरा, वीस. चंबू हातात गोल गोल फिरत होता. बाविसावर त्यांनी नेहमीच्या सवयीनं तोटी आवळली, थेंब मोजायला घेतले, कारण आता रंग फिका पडायला हवा होता. रंग गडदच. चोवीस. पंचवीस. तपकिरी तसाच, जणू काही घातलंच नाही. आता थांबावं असं त्यांना फार वाटलं. आपण तोलायलाच चुकलो असू, काटा बिघडला असेल, कपाटात जास्त वेळ राहिलं असेल. सव्वीस, सत्तावीस. तिसाला द्रावण जरा गवती झालं. तेहतीसला त्यांनी स्टार्च घातला आणि चंबू शाईसारखा निळा झाला. बाईंना हा निळा रंग आवडायचा, पहिल्या वर्षापासून, कॉलेजात पहिल्यांदा बघितला तेव्हा त्यांनी मैत्रिणीचा हात घट्ट दाबला होता. आज तो जाता जात नव्हता. चौतीस. पस्तीस. एकेक थेंब पडायचा, निळ्यात भोक पडायचं आणि पुन्हा बुजायचं. पस्तीस पूर्णांक सहाला एका थेंबासरशी सगळं निळं गेलं आणि फिकट हिरवं, गरीब दिसणारं पाणी उरलं. त्यांनी पुन्हा केलं. पस्तीस सात. तिसऱ्यांदा केलं, पस्तीस सहा. हात सच्चा होता, शंकेला जागा नव्हती. शून्य दशांश एक नव्हे, शून्य दशांश शून्य सात. तेहतीसची पावडर तेवीसची होती. अकरा नव्हे, सोळा पोती पडायला हवी होती.

सात माणसं. त्यांच्या कपाटातल्या कपड्यांना अजून त्यांचा वास असेल. मामांच्या सुनेला बाईंनी एकदाच पाहिलं होतं, मामांचा विसरलेला डबा द्यायला आली होती तेव्हा. काचेतून आत डोकावून म्हणाली होती, अय्या, किती बाटल्या! तुम्हाला बरं लक्षात राहतं कशात काय ते. बाईंनी हसून म्हटलं होतं, लेबलं असतात ना. बाई बेसिनपाशी गेल्या, नळ सोडला आणि बाटली वाकडी केली. ओतली की संपलं. नवा हायपो अर्ध्या तासात होतो. मग सगळं जग उलटं टांगून घेतलं तरी कुणाला काही सापडणार नव्हतं, आणि चोर सोडून संन्याशाला सुळी देणारी ती पहिली कचेरी थोडीच होती? थोडा हायपो सांडलाही. बोटांवरून ओघळला. तो अगदी निरुपद्रवी असतो, त्यानं कातडीला काही होत नाही, आणि बाईंना एकाएकी रडू फुटलं, तोंडातून आवाज न काढता, नाक गळेपर्यंत. कुणाच्या नावानं रडत होत्या, सात माणसांच्या, मामांच्या, की स्वतःच्या चार वर्षांच्या, हे त्यांना कळेना, आणि त्याचीही त्यांना लाज वाटली. घड्याळात पाऊण वाजून गेला होता. त्यांनी नळ बंद केला, बाटलीला बूच लावलं, बाटली छातीशी धरली आणि जिना चढल्या.

साहेबांच्या खोलीत पंखा फिरत होता आणि सगळं आटोपल्यासारखं वाटत होतं. चौकशीला आलेले अधिकारी चष्मा पुसत होते. साहेब बाईंना बघून म्हणाले, या या, तुमची गरजच पडली नाही, मामांनी आपणहून कबूल केलं. मामा कडेच्या खुर्चीवर ताठ बसले होते. समोर टेबलावर कागद होता, खाली त्यांची सही, शाळकरी अक्षरात. कागदात लिहिलं होतं की पोती मोजताना माझ्याकडून रोज चूक झाली आणि सात माणसांच्या मृत्यूला मी जबाबदार आहे. चोरी मात्र त्यांनी मान्य केली नव्हती, त्यावरून अधिकाऱ्यांनी बरीच घासाघीस केली म्हणे. पण चूक मान्य. कशावरून मान्य, असं विचारल्यावर मामांनी सांगितलं होतं, बाईंना विचारून आलोय, वही चुकलेली नाही. मग मीच चुकलो.

बाईंनी बाटली कागदाशेजारी ठेवली आणि सांगितलं. काही झाकलं नाही, आईचं आजारपणही मध्ये आणलं नाही. आठ महिने बाटली तपासली नाही, नुसती तारीख बदलली, आज तपासली, एवढं उतरलंय, पावडर तेवीसची होती. बोलताना त्यांचा आवाज प्रयोगशाळेत आकडे सांगताना असतो तसाच कोरडा निघाला. साहेबांनी आधी दार लोटून घेतलं. मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले की बाई, तुम्ही दमलाय, आईच्या दुःखातून अजून बाहेर आला नाहीत, एका बाटलीवरून आठ महिन्यांचं असं काही सांगता येत नाही. अधिकारी म्हणाले, माझा कागद पूर्ण झालाय, तुमचं काही असेल तर स्वतंत्र अर्ज द्या, वर कळवू. दोघंही वाईट माणसं नव्हती. साहेबांच्या सह्या वहीच्या प्रत्येक पानावर होत्या, एवढंच. सही झालेला कागद हा पालथा घडा असतो, त्यावर कितीही पाणी ओता.

मामा मात्र उठून टेबलापाशी आले. त्यांनी बाटलीकडे बघितलं नाही, बाईंकडे बघितलं.

"म्हणजे मी अकराच टाकायचो?"

"हो मामा. अकराच."

"रोज?"

"रोज. तुमची काही चूक नव्हती. माझी होती. सकाळी तुम्ही विचारलंत तेव्हाही मी खोटं बोलले."

मामांचे ओठ हलत होते, आणि बाईंना वाटलं आता शिवी येणार, यायलाच हवी होती. पण ते मोजत होते. एकपासून अकरापर्यंत मोजलं त्यांनी, मनातल्या मनात, आणि मग टेबलाची कड धरली. हे माझ्या पोराला येऊन सांगा, म्हणाले. लिहून नको, कागद तो फाडून टाकेल. तुम्ही चला. साहेब हां-हां करत पुढे आले, अधिकाऱ्यांनी घसा साफ केला, पण बाई तोवर दारात पोहोचल्या होत्या.

वस्ती बसच्या शेवटच्या थांब्याच्या पुढे. रस्ताभर दोघं एका बाकावर बसून होते. बाईंना मधूनच वाटत होतं मामांनी काहीतरी विचारावं, आणि मामा समोरच्या सीटची दांडी धरून बाहेर बघत होते. गल्लीत नळाला बादल्या लावलेल्या होत्या. दोन बायकांनी मामांना बघून बोलणं थांबवलं, एकीनं पोराला मागे ओढलं. खोलीचं दार उघडंच होतं. मुलगा आज कामावर गेला नव्हता. पंचविशीतला, रुंद खांद्यांचा, हातांवर ठिणग्यांचे बारीक डाग. भिंतीशी बसून तो चप्पल शिवत होता. बापाकडे त्यानं बघितलं नाही, परक्या बाईकडे बघितलं. बाई उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या आणि आपण कोण ते सांगितलं. मग बाकीचं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं त्यांना वाटलं होतं, ते सोपं गेलं नाही. पलंगाखाली एक टोपली होती, तीत विणायला घेतलेलं काहीतरी पिवळं, सुया तशाच खोचलेल्या, आणि बाईंची नजर सारखी तिकडे जात होती.

मुलानं सुई चपलेत टोचून ठेवली.

"किती कमी पडलं?"

"अकराच्या जागी सोळा हवी होती."

"पाच पोती," तो म्हणाला. त्यानं स्वतःच्या तळहाताकडे बघितलं. "पाचच?"

तो उठला, बाईंच्या अगदी समोर आला, इतका की त्यांनी डोळे मिटून घेतले. मार पडला असता तर त्यांनी खाल्ला असता, मनातून त्याचीच वाट बघत होत्या त्या. पण तो त्यांच्या बाजूनं हात लांब करून बापाच्या दंडाला धरत होता. मामा मागे गल्लीतच उभे होते, परवानगी नसल्यासारखे.

"आत या, बाबा," तो म्हणाला. आवाज फुटला त्याचा, बरेच दिवस न वापरलेला. "सकाळपासून जेवला नसाल."

मामा बाईंना ओलांडून आत गेले. आत ताट काढल्याचा आवाज आला, मग पाणी ओतल्याचा, मग म्हाताऱ्या माणसाच्या हुंदक्याचा. कुणी बाईंना बसा म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. दार त्यांच्या तोंडासमोर उघडंच होतं.